घरासाठी मिनी पीसी: नाशिकमध्ये घ्यावा का, कुठला आणि काय बघून?

गोदाकाठी (इंदिरानगर)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबला आणि घरोघरचे जुने टॉवर (उभ्या खोक्याचे पीसी) एकदम निकालात निघाले. आमचा इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर अजून चालतो, पण विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे विषयच संपला. पुन्हा टॉवर नको होता. लॅपटॉपही नको, कारण वापरणारी माणसं तीन आणि त्यातल्या वडिलांना २४ इंची पडदा आणि मोठी अक्षरं लागतात. मग उरला मिनी पीसी, म्हणजे छोट्या डब्यात मावणारा आख्खा संगणक. तो घेतला, आता बऱ्यापैकी वापरून झालाय, म्हणून हा धागा. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीत डब्यावर नाव कुठलंही असो, आत चिप तीच असते.

ती चिप म्हणजे इंटेल एन१००. २०२३ ची. ४ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), ४ थ्रेड, कागदावर ६ वॅट, वेग ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत. हल्ली एन१५० पण मिळतो, तो ३.६ पर्यंत जातो. घरच्या कामात दोघांतला फरक कळायचा नाही, स्वस्त पडेल तो उचला. मात्र ‘क्वाड कोअर’ वाचून हुरळू नका. इंटेलच्या मोठ्या प्रोसेसरमध्ये जे छोटे, काटकसरी कोअर असतात, फक्त तेवढेच यात आहेत. एकूण ताकद साधारण सहाव्या पिढीच्या डेस्कटॉप आय५ च्या आसपास.

आमच्याकडे कामं अशी: ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब, बायकोच्या शिकवणीचा एक्सेलमधला हिशेब, लेकीचे ऑनलाइन क्लास, वडिलांची कीर्तनं आणि बातम्या, मधूनच बँक, सातबारा, लाइट बिल. यात तो कुठेही अडत नाही. यूट्यूबचा ४के व्हिडिओसुद्धा गपगुमान चालवतो, कारण यूट्यूबचा एव्ही१ हा व्हिडिओ फॉरमॅट उलगडायची सोय चिपमध्येच आहे. दमतो तो एकाच जागी. गूगल मीटमध्ये मागची खोली धूसर करायचा पर्याय चालू असताना स्क्रीन शेअर केली, की टास्क मॅनेजरमधले चारही आलेख छताला टेकतात, पंखा सूं करायला लागतो आणि माऊसचा बाण उड्या मारत पुढे सरकतो. लेकीला भिंतीकडे पाठ करून बसवलं आणि धूसर करणं बंद केलं. तेव्हापासून तक्रार नाही.

प्लगला लावायचं वॅट मोजायचं यंत्र मित्राकडून आणलं होतं. नुसता चालू असताना ७-८ वॅट, यूट्यूबला ११-१२, अगदी जोर लावला तेव्हा २५ च्या आत. जुना टॉवर काहीही न करता ५५ वॅट खायचा. रोज आठ तास धरले तर महिन्याला टॉवरची १३ युनिटं आणि याची सव्वादोन. मॉनिटर दोन्हीकडे वेगळा. बिल यामुळे फार पडेल असं नाही, पण वीज गेल्यावर याची खरी किंमत कळते. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर मॉनिटरसकट तासभर तरी निघतो. टॉवर असताना ‘फाइल सेव्ह कर’ असं ओरडायलाही वेळ मिळायचा नाही.

आता घेताना काय बघायचं. माझं स्पष्ट मत: एन१०० की एन१५० की आणखी काही, यावर डोकं झिजवू नका. डब्याचा तळ उघडून बघा. रॅम सुटी आहे का बोर्डावर डकवलेली? सुटी असेल तर डीडीआर४ का डीडीआर५? ती एकमेकांच्या जागी बसत नाही. या चिपला रॅमची वाहिनी एकच असते, त्यामुळे खाचही बहुधा एकच. म्हणजे ८ ची १६ करायची झाली तर जुनी काढून ठेवावी लागते. एकदम १६ घ्या. साठवण एम.२ एसएसडी (खाचेत बसणारी) आहे का ईएमएमसी (बोर्डावर डकवलेली)? ‘१२८ जीबी स्टोरेज’ असं मोघम लिहिलेलं आणि किंमत संशयास्पद कमी असेल, तर बहुतेक ईएमएमसी निघते, आणि ती बदलता येत नाही. वायफाय कार्ड सुटं आहे का, हेही बघा. आमच्या डब्याचं वायफाय दोन भिंतींपलीकडे मान टाकायचं. शेवटी लॅनची वायर ओढली, आता झकास.

मी घेतला तेव्हा किंमत वीस हजारांच्या आत-बाहेर होती. २०२५ च्या अखेरीपासून रॅम महागलीये, त्यामुळे ‘बेअरबोन’, म्हणजे रॅम-एसएसडीविना डबा स्वस्त दिसला तरी बेरीज करूनच ठरवा.

विचारा काय विचारायचं ते.

जुना_कीबोर्ड (नाशिकरोड)

छान लिहिलंय, पण निष्कर्षाशी असहमत. वीस हजार टाकून काटकसरी कोअर कशाला घ्यायचे? त्याहून कमी पैशांत कंपन्यांतून निघालेले छोटे डेस्कटॉप मिळतात. लेनोवो थिंकसेंटरचे टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी. एखाद्या जाड पुस्तकाएवढा डबा, आत आय५-८५००टी म्हणजे सहा खरे कोअर, रॅमच्या दोन खाचा, आणि आठवी पिढी असल्याने विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. मी थिंकसेंटर वापरतो. आतलं सगळं काढता-घालता येतं, पंखासुद्धा.

एकच सांगतो, पिढी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘आय५ मिनी’ म्हणून ६५००टी गळ्यात मारतात. ती सहावी पिढी. डबा दिसायला सारखाच असतो.

गोदाकाठी

कीबोर्ड भाऊ, ताकदीत ८५००टी पुढे, वाद नाही. दोन गोष्टी फक्त. त्यात एव्ही१ उलगडायची सोय नाही, ते काम प्रोसेसर स्वतः ओढतो. आणि ती चिप ३५ वॅटची आहे. बाकी मला वापरलेलं यंत्र घ्यायची धास्ती वाटते. आधी कुठल्या ऑफिसात किती वर्षं चोवीस तास चालू होतं, कोण सांगणार?

जुना_कीबोर्ड

एव्ही१ चं म्हणाल तर १०८० पर्यंत सहा कोअर सहज ओढतात. ब्राउझरला एक एक्स्टेन्शन टाकलं की यूट्यूब एच.२६४ या जुन्या फॉरमॅटमध्येच व्हिडिओ देतं, मग तोही भार जातो. ३५ वॅट हा चिप सतत जोरात चालते तेव्हाचा आकडा झाला, नुसतं बसलेलं असताना टायनीसुद्धा फार खात नाही.

धास्तीचं म्हणाल तर ती रास्त आहे, म्हणून दुकानातच तपासायचं. चालू करून थेट बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जा. पासवर्ड मागितला तर डबा तिथेच ठेवून बाहेर पडा, जुन्या कंपनीचा पासवर्ड काढत बसणं आपलं काम नाही. तारीख चुकलेली दिसली तर घाबरू नका, आतला सीआर२०३२ सेल संपलाय, नाण्याएवढा असतो, कुठेही मिळतो. एसएसडी किती तास चालली तो आकडा क्रिस्टलडिस्कइन्फो दाखवतं. पण मी म्हणतो, बघूच नका, एसएसडी नवीनच टाकून मागा. आणि अडॅप्टर मूळचाच घ्या. डेलचा डबा अडॅप्टर ओळखतो. ओळख पटली नाही तर सुरू होताना इशारा देतो आणि प्रोसेसरचा वेग खाली आणतो. लोक मग ‘मशीन स्लो आहे’ म्हणून बोंबलत बसतात.

जीएसटीचं पक्कं बिल आणि लेखी वॉरंटी घ्या. ‘आपलंच दुकान आहे साहेब, कधीही या’ ही वॉरंटी नव्हे.

शेंगदाणा_चटणी (कॉलेज रोड)

अॅपलचा मॅक मिनी घ्या आणि सुखी व्हा. एम४, १६ जीबी, आवाज शून्य. धागा बंद करा.

गोदाकाठी

@शेंगदाणा, ऑक्टोबर २०२४ ला जाहीर झाला तेव्हा ५९,९०० होता. माझ्या बजेटच्या तिप्पट. यंत्र उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शीर्षकात ‘घरासाठी’ आहे, ‘घर विकून’ नाही. शिवाय चालू करायचं बटण डब्याच्या बुडाला. वडिलांना ते शोधायला मी रोज फोनवर मार्गदर्शन करू?

शेंगदाणा_चटणी

मॅक कोणी बंद करत नाही हो :) असो, वाचतोय.

द्राक्षवेल (पिंपळगाव बसवंत)

आमच्याकडे मळ्यात लाइटचा भरवसा नाही. निर्यातीच्या द्राक्षांच्या नोंदी, फवारणीचं रजिस्टर, पावत्या स्कॅन करणं एवढंच काम असतं. राउटरला तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस असतो ना, आठशे-हजाराचा, तो या डब्याला चालेल का? डब्याच्या अडॅप्टरवर पण १२ व्होल्टच लिहिलंय. मग इन्व्हर्टरची भानगडच नको.

गोदाकाठी

द्राक्षवेल भाऊ, कल्पना बरोबर आहे पण नुसता व्होल्टवर भरवसा ठेवू नका. अँपिअर बघा. डब्याच्या अडॅप्टरवर बहुधा १२ व्होल्ट ३ अँपिअर असतं, म्हणजे ३६ वॅट. राउटरवाले बरेचसे यूपीएस २ अँपिअरचे, म्हणजे २४. एरवी चालेल, पण स्कॅनर यूएसबीला लावून काम सुरू केलं की डबा मधेच रीस्टार्ट मारेल. दुसरं म्हणजे पिन. राउटरची पिन आतून २.१ मिमी असते, मिनी पीसीची बहुतेक वेळा २.५. बाहेरून दोन्ही साडेपाच, म्हणून डोळ्याला सारख्याच दिसतात. एक तर बसत नाही, नाही तर ढिली बसते. आणि काही डबे १९ व्होल्टचे असतात, त्यांना हा उपाय नाहीच.

तसंही मॉनिटरला २३० व्होल्ट लागणारच की! त्यापेक्षा घरच्या इन्व्हर्टरला ‘यूपीएस मोड’चं बटण असेल तर ते चालू ठेवा. त्यात बदल इतका झटपट होतो की डब्याला कळत नाही.

द्राक्षवेल

मॉनिटरचं लक्षातच नव्हतं. इन्व्हर्टरला बटण आहे, मागच्या बाजूला, धुळीने झाकलेलं. चालू केलं. चहा प्यायला या.

आकडेमोड_काकू (सिडको)

गोदाकाठी, विजेच्या हिशेबावरून आठवलं. सोसायटीत पुष्कळ जणांचा समज आहे की ३०१ वं युनिट पडलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं. तसं नसतं. घरगुती दर पायऱ्यापायऱ्यांनी लागतो: पहिली १००, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग वर. वरचा दर फक्त त्या वरच्या युनिटांना. त्यामुळे तुझी वाचलेली अकरा युनिटं तुझ्या सगळ्यात महाग पायरीवरची वाचतात, हे मात्र खरं.

आणि मी रिटायर झाले तरी चार-पाच जणांचे जीएसटी रिटर्न भरते. टॅली प्राइम या डब्यावर मजेत चालतं, त्याला कसली ताकद लागत नाही. माझ्याकडे १६ जीबीवाला आहे. टॅली, एक्सेलच्या तीन मोठ्या फाइली आणि पोर्टल एकत्र उघडं असतं. थांबायचं ते पोर्टलसाठी, डब्यासाठी नाही. डिजिटल सहीचा टोकन पुढच्या यूएसबीला लावते. पुढे किमान दोन यूएसबी असलेलाच घ्या गं मुलींनो, मागे हात घालून चाचपडायला मॉनिटर हलवावा लागतो.

तर्कटराव (पंचवटी)

कोणी सुरक्षेबद्दल बोललं नाही म्हणून मी बोलतो. २०२४ मध्ये एसमॅजिकच्या काही मिनी पीसींत कारखान्यातूनच मालवेअर भरून आल्याचं उघड झालं होतं. कंपनीनेही ते मान्य केलं. म्हणजे खोकं फोडल्यावर पहिल्याच दिवशी तुमच्या बँकेचा पासवर्ड कोणाच्या तरी हाती. म्हणून नवा असो की वापरलेला, डबा घरी आला की आतलं विंडोज पुसा आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेलं ताजं टाका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, तासाभराचं काम. त्याआधी सेटिंग्जमध्ये अॅक्टिव्हेशनच्या पानावर लायसन्स कशाचं आहे ते बघून ठेवा. डिजिटल लायसन्स डब्याला चिकटलेलं असेल तर पुसल्यावर आपोआप परत येतं. ‘संस्थेच्या अॅक्टिव्हेशन सर्व्हिसने’ अशा अर्थाचं काही दिसलं तर विक्रेत्याने दुसऱ्याचं लायसन्स तुमच्या माथी मारलंय.

अडॅप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे आर आणि पुढे आठ आकडे, आहे का तेही बघा. चोवीस तास भिंतीत खोचलेली वस्तू आहे ती.

गोदाकाठी

तर्कटराव, हे मुख्य धाग्यातच असायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. मी पण ताजं विंडोज टाकलं होतं. त्या नादात मराठी कीबोर्ड पण लावून घ्या: भाषेत मराठी जोडली की ‘मराठी फोनेटिक’ मिळतो, वेगळं काही उतरवायला नको. वडील उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळा दाबून सरळ देवनागरी टंकतात.

पेंग्विनप्रेमी (गंगापूर रोड)

सगळे विंडोजमध्येच अडकलेत. धागाकर्त्यांच्या त्या चौथ्या पिढीच्या आय३ चं काय केलं? त्यात एसएसडी आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली असती तर वीस हजार खिशात राहिले असते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ब्राउझर, लिब्रे ऑफिस, यूट्यूब, सगळं चालतं.

आकडेमोड_काकू

आणि माझा टोकन? आणि टॅली? आणि प्रिंटर? अर्ध्या नाशिकच्या घरांत एचपी लेझरजेट १०२० नाहीतर कॅनन एलबीपी २९०० आहे. सांग बघू.

पेंग्विनप्रेमी

काकू, १०२० ला एचपीचा वेगळा प्लगइन उतरवून घ्यावा लागतो, मग छापतो. २९०० ला खटपट आहे, मान्य. टॅली आणि टोकनवाल्यांनी विंडोजवरच राहावं. पण धाग्यातल्या आजोबांची कीर्तनं लिनक्सवर नक्की चालतात.

गोदाकाठी

तो आय३ आता भाच्याकडे आहे, मिंट टाकूनच दिलाय. तुमचा मुद्दा बरोबर, पण ५५ वॅट आणि टेबलाखालचा खोका माझ्याकडून गेला याचा आनंद जास्त.

नवशिकी_अनु (अशोकनगर, सातपूर)

दादा, आम्ही मॉनिटर न घेता घरच्या ४३ इंची टीव्हीला जोडायचा विचार करतोय. मुक्त विद्यापीठाचा अभ्यास आणि असाइनमेंट टाइप करणं एवढंच काम. मैत्रिणीकडे तसं बघितलं तर अक्षरांच्या कडा रंगीत आणि पुसट दिसत होत्या, आणि खालची टास्कबार अर्धी कापलेली. डबा खराब आहे का तिचा?

जुना_कीबोर्ड

डबा ठीक आहे, टीव्ही स्वतःला सिनेमाघर समजतोय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ करा, कापलेली पट्टी परत येईल. मग त्या एचडीएमआय इनपुटचं नाव ‘पीसी’ ठेवा. बऱ्याच टीव्हींत तेवढ्यानेच अक्षरं धारदार होतात, कारण एरवी टीव्ही रंगाची माहिती कमी करून दाखवतो. सिनेमात ते कळत नाही, काळ्या अक्षरात लगेच कळतं. शार्पनेस पण खाली आणा.

तरी रोज टायपिंग करायचं असेल तर माझा सल्ला मॉनिटरचाच. ४३ इंची पडद्यासमोर टेबलाच्या अंतरावर बसून असाइनमेंट लिहिली तर मान दुखेल. वापरलेला २२ इंची फार महाग मिळत नाही.

तर्कटराव

आणि टीव्हीच्या बंद कपाटात डबा कोंबू नका. एप्रिल-मेमध्ये नाशिकची खोली आधीच तापलेली असते. पंखा नसलेले डबे तर अजिबात नको तिथे. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरभर खणलंय, ती धूळ सगळी पंख्यात जाते. पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा आणि मग ब्लोअर मारा. मोकळं ठेवून मारलं तर पातं गरागरा फिरून बेअरिंग जातं.

मिसळ_जास्त_तर्री

गेम चालतात का? मुलगा विचारतोय.

गोदाकाठी

माइनक्राफ्ट आणि रोब्लॉक्स सेटिंग खाली ठेवून चालतात. जीटीए ५ म्हणत असेल तर त्याला दहावीनंतर बघू म्हणावं.

नवशिकी_अनु

ठरलं, मॉनिटरच. मामाकडे एक जुना चांगला पडून आहे, पण त्याला निळी, पंधरा पिनांची वायर आहे. नव्या डब्याला दोन एचडीएमआयच दिसतायत. दुकानदार म्हणतो कन्व्हर्टर शंभरात मिळतो, घेऊ का?

जुना_कीबोर्ड

घ्या, पण दिशा बघून. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा हवा, म्हणजे डब्यात घुसणारं टोक एचडीएमआयचं आणि दुसरीकडे भोकं असलेलं निळं सॉकेट. उलटा घेतलात तर काहीच दिसणार नाही. नुसती वायर चालत नाही, आत छोटी चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो. आणि आवाज निळ्या वायरीतून जात नाही, हेडफोन डब्याला लावावा लागेल. शंभराच्या ऐवजी दोन-अडीचशेचा घ्या आणि दुकानातच लावून बघा.

नवशिकी_अनु

मॉनिटर पिशवीत घालूनच नेते मग एम.जी. रोडला.